सराव कोण करणार

थाटीपुर, ग्वाल्हेर
१४ नोव्हेंबर २०२५

चि. हेमांगी,

आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून पाकीट तसंच ठेवून देऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात बसून मी दुनियेचं बोलणं जोडून दिलं, आणि आता स्वतःच्या सुनेशी बोलायला पोस्टात रांग लावते आहे. असो. कागदावर माणसाला ओरडता येत नाही, एवढा तरी फायदा.

सोनिका बरी आहे. जेवते, खेळते, माझ्या चष्म्याची डबी लपवते. रोज रात्री बापाच्या, तरुणच्या फोनवर तुझ्याशी बोलते तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाते. तिथून सगळं ऐकू येतं, हे कबूल करते.

गणपतीतलं एकदाच लिहिते आणि संपवते. आपल्या मंडळात आरतीनंतर लहान मुलं उभी राहून आपलं नाव, बापाचं नाव आणि दख्खनेतलं मूळ गाव सांगतात. मीही लहानपणी सांगितलं, तरुणनेही सांगितलं. कोरेगाव आपल्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण सांगायचं, म्हणजे पेढा मिळतो. तू नको म्हणत होतीस, मी तिला पुढे ढकललं. तिने सांगितलं. मुलं हसली, दोन मोठी माणसंही हसली. तू तिला उचललंस आणि सगळ्यांसमोर मला जे म्हणालीस ते मी विसरलेले नाही. पण मी तिला ढकललं, तेही विसरलेले नाही.

आता मुद्द्याचं. मी तिला स्पीच थेरपीला नेलं. तुला विचारलं नाही, तरुणला विचारलं. रागव, पण पुढचं वाच. महाराज बाड्याच्या मागच्या गल्लीत औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक निवेदिता मॅडम बसतात. वय असेल अठ्ठावीस. मी मनात म्हटलं, ही पोरगी काय शिकवणार. आधी कानाची तपासणी करून आणायला सांगितली. कान उत्तम आहेत. मग चित्रांची कार्डं काढली, साठेक असतील, आणि एकेक दाखवून सोनिकाला विचारायला लागली, ये क्या है?

मी मदत केली. म्हणजे सोनिका बोलली की मॅडमना कळावं म्हणून मी परत सांगायचे. सहाव्या कार्डाला मॅडमनी मला बाहेर बसवलं. "आंटी जी, जवाब बच्ची को देने दीजिए." मला! मी बाहेर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं.

तासाभराने त्यांनी सांगितलं ते असं. क च्या जागी ती त म्हणते, ग च्या जागी द, आणि स-श पण बहुतेक त होतात. पाच वर्षं उलटून गेल्यावर एवढं राहू नये. अनोळखी माणसाला तिचं निम्मंच बोलणं समजतं. मी म्हटलं, मला तर सगळं समजतं. त्या हसून म्हणाल्या, "वही तो, आंटी जी."

दीड वर्षापूर्वी शाळेने सांगितलं होतं तेव्हाच न्यायला हवं होतं, असं तू म्हणशील. म्हण. त्या वेळी मी थांबा म्हटलं, कारण आपल्या घरात मुलं उशिराच साफ बोलतात. माझा भाऊ सूर्याजी पण तसाच होता, मग आपोआप सुटलं. ते मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.

शहडोलच्या शाळेत नोकरीवर जाताना दारात तू म्हणालीस, एप्रिलमध्ये सोनिकाला घेऊन जाईन. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

तुझी,
आई


थाटीपुर
५ डिसेंबर २०२५

चि. हेमांगी,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, फक्त पोस्टमन गेला की दार उघडून बघते.

मॅडमनी योजना ठरवली. मला वाटलं होतं गोळी किंवा टॉनिक देतील. तसं काही नसतं. मंगळवार-शुक्रवार त्यांच्याकडे, आणि घरी दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं सराव. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून पुढचं ठरवायचं.

पहिल्यांदा कुठला वर्ण घ्यायचा यावर आमची जुंपली. मी म्हटलं, तिचं नाव घ्या. नाव सांगता आलं की बाकी सगळं झालं. मॅडम म्हणाल्या, नावात दोन अडचणी एकदम आहेत. आणि क-ग दर दुसऱ्या शब्दात येतात, ते आधी सुटले तर लोकांना जास्त समजेल. स नंतर. मी म्हटलं, लोकांना पहिल्यांदा नावच विचारायचं असतं. मग त्यांनी मला सोडून सोनिकालाच विचारलं, तुला काय हवंय? एवढ्याशा पोरीला! सोनिका म्हणाली (तिचं बोलणं मी नीट करून लिहिते आहे, सवय आहे), "टीचर हाँ-हाँ बोलती हैं, पर समझती नहीं."

मी नावाचा हट्ट सोडला. क-ग ठरलं.

शेजारच्या मंदाताई मध्येच म्हणाल्या, दोन भाषांमुळे मूल गोंधळतं, मराठी बंद करा. मी चार दिवस तिच्याशी हिंदीत बोलले, अगदी रेडिओवरच्या बाईसारखी शुद्ध. पाचव्या दिवशी सोनिका म्हणाली, "आजी, तू मुझसे गुस्सा है क्या?" माझं मेलीचं काळीज हललं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, असं काही नसतं, घरात जे बोलता तेच बोला, आणि त्यांनी मराठी शब्दांची कार्डंही माझ्याकडून मागून घेतली. मंदाताईंना सांगितलं. त्यांना पटलेलं नाही.

एक फॉर्म भरून घेतात. उद्दिष्ट काय, किती दिवस, कुठल्या भाषेत. खाली एक ओळ आहे, घरी सराव कोण करणार. तिथे मी माझं नाव लिहिलं, विजयाबाई, पूर्ण, चांगल्या अक्षरात. तरुण ट्रॅक्टरच्या एजन्सीपायी महिन्यातले वीस दिवस भिंड-मुरैना करतो, त्याच्याकडून काय होणार.

आणि हे नीट वाच. मॅडम म्हणतात, एकदा सुरू केलं की वर्षभर मुलाला हलवू नये. माणूस बदललं, जागा बदलली की सगळं पाण्यात. तेव्हा एप्रिलचं तू मनातून काढून टाक. हे मी माझ्यासाठी म्हणत नाही, पोरीच्या भल्याचं आहे.

शहडोलला थंडी जास्त असेल. तुझी राखाडी शाल अलमारीत राहिली आहे, ती पाठवते.

आई


थाटीपुर
३० डिसेंबर २०२५

चि. हेमांगी,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळींचं असलं तरी पत्र ते पत्र. शाल पोचली, बरं झालं.

शालीनंतरचा मजकूर मी पाच वेळा वाचला. "मॅडमचा मला फोन आला होता. मी सूर्याजीमामांचं सांगितलं, तर त्यांचं बोलणं कितव्या वर्षी साफ झालं, असं त्या विचारत होत्या. कारण फॉर्मवर, घरात कुणाला असा त्रास होता का, या प्रश्नापुढे तुम्ही 'नाही' लिहिलंय."

थंडी फार आहे इथे. धुकं अकरापर्यंत उठत नाही, शाळांना सुट्टी दिली आहे. सराव मात्र एक दिवस चुकला नाही. दोन चित्रं समोर ठेवायची, एक दार आणि एक गार पाण्याचा माठ. सोनिकाने मागायचं आणि आपण ती जे म्हणेल तेच उचलून द्यायचं. तिला माठ हवा असतो, म्हणायचं असतं 'गार', तोंडातून निघतं 'दार'. आपण दारच द्यायचं. ती चिडते, आणि त्या चिडण्यातून तिला कळतं की काहीतरी बदलायला हवं. मॅडमना हे फार छान जमतं. मला जमत नाही. तिला काय हवंय ते मला डोळ्यांतून दिसतं आणि माझा हात आपोआप माठावर जातो. परवा मॅडम म्हणाल्या, "आंटी जी, आप बहुत अच्छी हैं, यही दिक्कत है."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. आज नाही.

आई


थाटीपुर
१९ जानेवारी २०२६

चि. हेमांगी,

संक्रांत झाली. तिळगूळ वाटायला या वर्षी मी सोनिकाला दारोदार नेलं नाही. ती स्वतः म्हणाली, मॅडमना देऊन येऊ. दिला. काय बोलली ते मी सांगत नाही, तिलाच विचार.

सूर्याजीचं लिहायला बसले आहे. तीन दिवस झाले, बसते आणि उठते.

सूर्याजीचं बोलणं साफ झालंच नाही. कितव्याही वर्षी नाही. तो एकोणपन्नास वर्षांचा होऊन गेला, तुझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी, आणि शेवटपर्यंत तसाच बोलत होता. मी तुला खोटं सांगितलं.

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो काय बोलतो ते आईला कळायचं, पण सगळ्यांत जास्त मला कळायचं. शाळेत मास्तरांनी काही विचारलं की त्याच्या वर्गातून मला बोलावणं यायचं. मी माझा तास सोडून जायचे, तो बोलायचा, मी सांगायचे. मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू. मास्तर म्हणायचे, काय हुशार बहीण आहे. पुढे एक्सचेंजात लागले तिथेही तेच. खरखरीतून, वाऱ्यातून, कुणाचंही बोलणं मला कळायचं. सगळ्या म्हणायच्या, विजयाकडे द्या तो कॉल.

माझं लग्न झालं आणि मी थाटीपुरला आले. सूर्याजी माहेरी, माधवगंजलाच राहिला. त्याने घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं. हात सोन्याचा होता त्याचा. गल्ल्यावर त्याने पाटी ठेवली होती, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते पाटीवर लिहून दाखवायचा. लोकांना वाटायचं, माणूस अबोल आहे. काहींना तो मुकाच वाटायचा. मुली सांगून आल्या, दोन ठिकाणी बोलणीही झाली. दोन्ही वेळा त्याच्या वतीने मीच बोलले. दुसरी मुलगी म्हणाली, मला त्यांच्याशी बोलायचंय, तुमच्याशी नाही. मला राग आला, मी उठून आले.  तो घरी येऊन पाटी पुसत बसला.

शाळेने सोनिकाचं सांगितलं आणि तू तपासणीचा दिवस ठरवून आलीस, तेव्हा मला सूर्याजीच दिसला. आणि मी काय केलं? म्हटलं, आपोआप सुटतं, माझ्या भावाचं सुटलं. तरुण तिथेच बसला होता. त्याने मान खाली घातली. मामा कसा बोलायचा ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण माझ्यासमोर तो कधी बोलला आहे? तू त्याच्यावर चिडलेली असशील तर त्यातला अर्धा राग इकडे पाठव.

का केलं ते मला नीट सांगता येत नाही. आमच्या घराण्यात खोट आहे असं तू म्हणशील, अशी लाज वाटली असेल. किंवा त्याचं तसं राहण्यात माझाही हात होता, हे कुणी ऐकू नये असं वाटलं असेल. पोरीचं दीड वर्ष मात्र त्यात गेलं.

काल मॅडमकडे जाऊन फॉर्मवरचं "नाही" खोडून "हो" लिहिलं. सूर्याजीचं सगळं सांगितलं. वाटलं, त्या मला बोल लावतील. त्या म्हणाल्या, त्या काळात ग्वाल्हेरात कोण होतं असं शिकवायला, आणि बहिणीने मदत केली म्हणून कुणाचं बोलणं बिघडत नाही. मग म्हणाल्या, "बस, उन्हें मौका कम मिला."

मी परतीच्या सवारी टेम्पोत बसून रडले. सोनिका माझा पदर ओढून विचारत होती, काय झालं, काय झालं. तो क अगदी साफ होता, हेमांगी. मी ऐकला.

आई


थाटीपुर
११ मार्च २०२६

चि. हेमांगी,

रंगपंचमी झाली, सोनिकाचे कान अजून गुलाबी आहेत. तीन महिन्यांची तपासणी झाली. क आणि ग वेगळे शब्द म्हणताना बहुतेक जमतात, घाईत बोलताना निसटतात. स अजून हातात घेतलेला नाही. नाव सांगताना ती अजून "तोनिका" म्हणते. मला आता त्याची घाई नाही.

मागच्या शुक्रवारी मॅडमनी गृहपाठ दिला. सोनिकाने अनोळखी दुकानात जाऊन स्वतः काहीतरी मागायचं, आणि आजीने बोलायचं नाही. हा गृहपाठ नक्की कुणाचा, मी विचारलं. दोघींचा, म्हणाल्या. बाड्यावर एक स्टेशनरीचं दुकान आहे, गर्दीचं. सोनिकाला गुलाबी कागद हवा होता. मी दोन पायऱ्या खाली उभी राहिले. ती बोलली, दुकानदाराने ऐकलं नाही. परत बोलली. त्याने माझ्याकडे बघितलं, जसं लोक नेहमी बघतात, की बाई, सांगा ही काय म्हणते. हेमांगी, माझ्या जिभेवर आलं होतं. मी तोंड फिरवलं आणि समोरच्या बँकेची पाटी वाचत राहिले. पाठीमागून तिचा आवाज येईना. मला वाटलं ती रडणार. मग तिचा आवाज आला, मोठा आणि चिडका, "अंकल, मेरी तरफ देखो ना!" आणि मग गुलाबी कागद, दोन्ही ग-क सकट. तो म्हणाला, हाँ बेटा, कितने?

कागदाची सुरळी घेऊन ती खाली आली आणि मला म्हणाली, तू का नाही बोललीस? मी म्हटलं, तुझं तू बोललीस की. ती घरी येईपर्यंत टेम्पोतल्या सगळ्यांना तो कागद दाखवत होती.

त्या पायरीवर उभी असताना मला कळलं की मी तुझ्याशीही तेच करते आहे. पोरगी माझ्याजवळ राहावी म्हणून तिच्या वतीने मीच बोलते आहे. म्हणून आता दुसरं खोटं.

वर्षभर हलवू नये, असं मॅडम कधीच म्हणाल्या नव्हत्या. मी विचारलं होतं, आई एप्रिलमध्ये नेणार आहे, मग काय होईल? त्या म्हणाल्या होत्या, फारच चांगलं. आई रोज जवळ असेल तर सराव जास्त होईल, मी फोनवर दाखवत जाईन, दर दोन महिन्यांनी एकदा घेऊन या. हे मी ऐकलं, घरी आले आणि तुला उलटं लिहिलं. हे घर तिच्याशिवाय मला खायला उठेल म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आज मॅडमकडे गेले आणि फॉर्म मागितला. त्यांना म्हटलं, मी सुनेला खोटं कळवलं होतं, ते आता दुरुस्त करायचंय. त्यांनी फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "उनको पता है, आंटी जी. दिसंबर में ही फ़ोन पर पूछ लिया था उन्होंने. मुझसे बोलीं, आप कुछ मत कहिएगा, माँजी खुद बताएँगी."

डिसेंबरपासून तुला माहीत होतं. सूर्याजीचं विचारलंस, आणि हे मात्र विचारलं नाहीस. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तू एक फोन करून मला तोंडघशी पाडू शकली असतीस, वकिलाची भाषा करू शकली असतीस. मी तुझ्या जागी असते तर गणपतीतल्यासारखं सगळ्या मंडळासमोर बोलले असते. तू माझ्या तोंडून यायची वाट बघितलीस. मॅडम सोनिकासाठी जशा थांबतात, तशीच.

मी फॉर्मवर "घरी सराव कोण करणार" याच्यापुढचं माझं नाव खोडलं आणि तुझं लिहिलं. अक्षर चांगलं आलेलं नाही. तारीख घातली. त्याची झेरॉक्स सोबत आहे.

तुझी शाळा बंद झाली की ये. तरुण एजन्सीकडे बदली मागतो आहे, शहडोलकडे काही मिळतं का बघतो. हे त्याने स्वतः ठरवलंय, मी काही बोलले नाही. सोनिकाची बॅग मी भरून ठेवते. कार्डांचा डबा वरच घालते, मराठीची कार्डं हिरव्या रबरात आहेत. सकाळी दूध प्यायच्या आधी तिचं जास्त लक्ष लागतं, दुपारी हट्ट करते. माठाचं कार्ड जरा फाटलंय, मी चिकटवलंय.

ती काही मागायला लागेल, आणि काय हवंय ते तुला तिच्या आधी कळेल. तरी तू थांबशील. थांबणं तुला येतं, हे मी पाहिलंय.

आई